सुट्टीचे सात दिवस

विजू,

छातीतली गाठ आता हाडात उतरलीय. डॉक्टर म्हणाले, आजार जाणार न्हाई, थोपवून धरायचा. एकटी गोळी पुरत न्हाई म्हणून दोन दिल्यात. एक रोजची. दुसरी एकवीस दिवस घ्यायची, मग तिला सात दिवस सुट्टी. तुझी वहिनी चाकणला कंपनीत जायच्या आधी कॅलेंडरवर त्या सात दिवसांना गोल करून ठेवते. तू पाळीचे करायचीस, तसेच.

माझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली. तरी पहिल्या सुट्टीत ते गोल बघून मी देवाला हातच लावला न्हाई. दिवाही लावला न्हाई. वहिनी हसली. "आई, सुट्टी गोळीला आहे, तुम्हाला नाही."

मला तू दिसलीस.

तुझे आबा गेले त्या सकाळी तुझा दुसरा दिवस होता. "तोंडात पाणी तरी घालू दे गं," म्हणत तू उंबऱ्याबाहेर उभी होतीस. मी आत येऊ दिलं न्हाई. नंतर तुला सांगितलं, ते शुद्धीवर नव्हते. ते खोटं हाय. त्यांनी दोनदा तुझं नाव घेतलं.

तवापासून तू तळेगावातनं इकडं फिरकली न्हाईस. हे पत्र धाडायचा धीर होत न्हाई, गोळ्यांच्या डब्यात ठेवते. माझी वेळ आली की वहिनी हे तुला धाडेल अन् बोलवून घेईल. सरळ आत ये. पाणी तूच घाल.

कितवा दिवस हाय, मी विचारणार न्हाई.

तुझी आई