झोळीचं लुगडं

माय, तुझी लाडकी आता ऑस्ट्रेलियात वॉलबी वाचवते. कांगारूच्याच गोतातला हा लहान प्राणी, कड्याकपारीत राहतो. कोल्ह्यांनी आणि रानमांजरांनी खाऊन त्याची एक जात पार संपत आणलीय. मावशी बाळंतपणात गेली तेव्हा तिची ही पोर तू ब्राह्मणपुरीला घेऊन आलीस आणि माझं दूध तोडून तिला पाजलंस. मला ते आठवत नाही, लोकांनी सांगून सांगून पाठ झालंय. आठवतो तो कापूस वेचायचा दिवस. तुझ्या पोटाशी कापसाची ओटी, पाठीशी लुगड्याच्या झोळीत ती, आणि मी मागून रडत चाललेय, मलाही घे म्हणून. "तुले मी शे. तिले कोन शे?" म्हणतेस आणि पुढच्या झाडाकडे वळतेस.

परवा तिनं फोनवर व्हिडिओ दाखवला. त्या दुर्मीळ जातीचं बोटाएवढं पिल्लू काढून दुसऱ्या जातीच्या मादीच्या पिशवीत ठेवतात. ती त्याला वाढवते आणि खऱ्या आईला लवकर दुसरं होतं. मी विचारलं, "मंग तिन्हं सोतानं पिल्लू?" ती म्हणाली, "ते काढनं पडस, ताई. पिशवीमा जागा एकनीच. त्या जातना भलता शेतस, या मोजकाच ऱ्हायनात." म्हणजे मी भरपूर असलेल्या जातीतली. लोणखेड्याच्या कॉलेजात कारकुनी करणाऱ्या काय, ढिगानं मिळतात. गावी गेले की बायका आधी तिचीच चौकशी करतात. माझा जळफळाट होतो, माय, पन्नाशी आली तरी होतो. तुझ्या आजारपणात उशाशी मी होते, आणि तू डोळे उघडून विचारायचीस, "तिन्हा फोन उना का?"

फोन ठेवायच्या आधी तिनं एक मागितलं. जरा मोठी, आई मेलेली पिल्लं ते लोक कापडाच्या पिशवीत वाढवतात. "मायनं झोळीनं लुगडं व्हई ना, ते धाडी दे. तेन्हीच पिशवी शिवसू." तुला ती मायच म्हणते, अजूनही. मी सांगितलं, ते उंदरांनी कुरतडलं. ती रडली. दुसऱ्या दिवशी शहाद्याहून मऊ सुती कापड घेतलं आणि तिला पाठवून दिलं.

हे पत्र तुला कुठं पाठवणार? घडी करून माझ्या उशीच्या खोळीत सरकवतेय. लुगडं तिथंच आहे, चांगलं धड. तुझा वास त्यातून केव्हाच गेला. तरी तिला द्यायचं नाही.