ड्रायव्हरला पाणी

मंगळ. १७ फेब्रु.
सकाळी पंचवटीत एक फेरी, दुपारी एकलहऱ्याला दुसरी. एकलहऱ्याचे बाबा प्लँटमधून रिटायर झालेले. जिना अरुंद, मुलगा पायाकडे धरायला तयार होईना, शेवटी खालची बाजू मीच घेतली. घामाघूम झालो. पाणी मागितलं तर एका बाईने कागदी ग्लास लांबूनच ओट्यावर ठेवला आणि मागे सरली. वैकुंठरथ चालवतो म्हणजे मी काय मरण वाटत फिरतो?
घरी आलो तर बायको, सु., खुशीत. पिंपळगावचा निरोप आलाय, त्यांना कोमल पसंत आहे. ते बघायला आले तेव्हा मी फेरीवर होतो, म्हणजे मला कोणी पाहिलेलं नाही. आता रविवारी आपण त्यांचं घर बघायला जायचं. पोरीचा चेहरा बघून बरं वाटलं.

शुक्र. २० फेब्रु.
स्थळ आणलं मेहुण्याने, दिगंबरने. त्याने तिकडे सांगून ठेवलंय, दाजी हॉस्पिटल लाइनला आहेत. लाइन म्हणे. कोणत्या टोकाला ते सांगितलंस का, विचारलं. तर म्हणतो, "दाजी, सुपारी फुटू द्या, मग सांगू हळूच. मढ्याच्या गाडीवाल्याची पोरगी म्हटल्यावर कोण करील?"
सु. खाली मान घालून मेथी निवडत होती. कोमल म्हणाली, "पप्पा, मुलगा मला आवडलाय. पण खोटं सांगून नको. उद्या मलाच ऐकावं लागेल."
मी 'बघू' म्हणालो. तेव्हापासून स्वतःचाच राग येतोय. पोरगी याच गाडीवर शिकली.

रवि. २२ फेब्रु.
पिंपळगाव. द्राक्षाचा सीझन, हायवेला टेम्पोच टेम्पो. घर ऐसपैस, माणसं मोकळी. पण फाटकातून आत शिरलो आणि थबकलो. हे दार माझ्या ओळखीचं.
दोन वर्षांपूर्वी या घरातल्या आजोबांना नाशिकच्या दवाखान्यातून मीच आणलं होतं. मुलाचे वडील, अण्णा, अख्खा रस्ता माझ्या शेजारच्या सीटवर होते. ओझरपाशी त्यांना रडू आवरेना म्हणून मी माझा रुमाल दिला होता. आज समोरासमोर बसून पोहे खाल्ले, द्राक्षाच्या भावावर गप्पा मारल्या, ओळख शून्य. त्या वेळी ड्रायव्हरच्या तोंडाकडे कोण बघतं?
दाराआड पाटावर मुलाची आजी, माई. ती मात्र एकटक माझ्याकडे. माझ्या हातातला चहा गार झाला.
निघताना घोटाळा केला. आमच्या कामात कोणाच्या दारातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं आणि मागे वळून बघायचं नसतं. घरच्यांना अभद्र वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. इतक्या वर्षांत ते अंगवळणी पडलंय. सगळे हात जोडून येतो-येतो करत होते आणि मी गपचूप चपला सरकवून, पाठ फिरवून थेट फाटकाबाहेर.
काठीचा आवाज आला. माई मागोमाग आली होती. हळूच म्हणाली, "येतो म्हना की."
मी चपलेचा पट्टा नीट केला.
"मी वळखलं हाय तुमाला. ह्यांच्या उशाशी बसून आले मी गाडीत. सगळा रस्ता आरशात तुमचे डोळे दिसत व्हते. येतो म्हना."
म्हणालो. मगच ती आत वळली.

सोम. २३ फेब्रु.
दिगंबर सकाळी सकाळी खवळून आला. अण्णांनी फोन करून विचारलं, पाहुणे न बोलता निघून गेले, घर आवडलं नाही का? याने सांगितलं, दाजींना बी.पी. आहे, मधूनच गरगरतं. म्हणजे आता मला बी.पी.पण आहे.
एक कळत नाही. माईने घरात अजून काही सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं?

बुध. २५ फेब्रु.
दुपारी शेडमध्ये डबा खात होतो. अनोळखी नंबर.
"मी पिंपळगावची माई. नंबर गाडीवर लिवलेला असतो ना, तवाच नातवाकडून उतरवून घेतला व्हता." मग थोडं थांबून, "शुक्रवारी गाडी धुऊन ठिवा."
कोणासाठी, विचारलं.
"माझ्यासाठी."
"माई, बरं वाटत नाहीये का?"
"मला काय धाड भरलीये. आत्ता भाकरी थापून उठले. दुसऱ्या कोणाला पाठवू नका पण. तुमीच या." आणि फोन ठेवला.
मागे खरंच तव्यावर उलथनं आपटल्याचा आवाज येत होता. डबा तसाच राहिला. घरी बोललो नाही. काय सांगू, तुझ्या विहीणबाईंच्या सासूने गाडी बुक केली?

गुरु. २६ फेब्रु.
रिकामी गाडी आणि भरलेली गाडी आम्हाला क्लचवर पाय ठेवला की कळते. आज अमरधामला पोचवून रिकामाच परत येत होतो. पुलाच्या चढाला गाडी ओढेना. भरलेली असल्यासारखी जड. बाजूला घेऊन मागचं दार उघडलं. बाक, स्ट्रेचर, चार झेंडूची फुलं. बस. गॅरेजवाल्याने चक्कर मारून आणली, म्हणाला, "काका, गाडी एकदम ओके आहे, तुम्ही रजा घ्या." त्याच्या हातात ती सुसाट चालली. माझ्या हातात आली की परत जड. शेवटी आरसा फिरवून ठेवला आणि शेडपर्यंत तसाच आलो. मला भीती वाटली. या कामात पहिल्यांदा.
गाडी धुतली. उद्या शुक्रवार म्हणून नाही. फुलं पडली होती म्हणून.
संध्याकाळी दिगंबरचा फोन. माईच्या छातीत दुखायला लागलं, नाशिकला ॲडमिट केलंय.

शुक्र. २७ फेब्रु.
गाडी ज्या ट्रस्टची, त्यांच्या ऑफिसचा फोन आला तेव्हा मी बूट घालूनच बसलो होतो. मुंबई नाक्याचा दवाखाना ते पिंपळगाव.
सु. दारात आडवी. "आजच्या दिवस दुसऱ्याला पाठवा. पोरीचं एकदा होऊ द्या, तुमच्या पाया पडते." दुसरा ड्रायव्हर मोकळाच होता, हेही खरं. कोमलने माझी टोपी आणून हातात दिली.
तोंड झाकायला मास्क लावला नाही. आरसा सरळ केला.
अण्णा दवाखान्यातून बाहेर आले आणि परत माझ्याच शेजारी बसले. माईची सून, म्हणजे अण्णांची बायको, मागे तिच्या उशाशी. अण्णांचं कुठेच लक्ष नव्हतं. ओझर आलं तसे हमसून रडायला लागले. मी रुमाल पुढे केला. तो घेतला, डोळ्याला लावला, मग खाली धरून बघत राहिले. मग माझ्याकडे.
"तुम्ही," एवढंच म्हणाले.
"हो," मी म्हणालो.
पुढे पिंपळगावपर्यंत रुमाल त्यांच्या मुठीतच होता. आणि गाडी इतकी हलकी चालली की मागे कोणी नाहीच असं वाटावं. दोनदा आरशात बघितलं. सून होती, माई होती.
दारात सगळा गाव. उतरवलं, ओटीवर ठेवलं, मी फाटकाकडे वळलो. तेवढ्यात सून घरातून पितळेचं फुलपात्र घेऊन आली. काठोकाठ भरलेलं. रडतच म्हणाली, "माई दवाखान्यात निघताना बजावून गेल्या. जो मला घेऊन येईल त्याला माझ्या फुलपात्रातून पाणी द्या."
रडणंसुद्धा थांबलं. सगळे माझ्याकडे. नवरदेव, त्याच्या आत्या, शेजारीपाजारी. मुलीचा बाप हाच, हे हळूहळू एकेकाच्या तोंडावर दिसायला लागलं. अण्णा रुमाल मुठीत धरून खांबाला टेकलेले.
प्यायलो. थोडं शर्टावर सांडलं. पाणी बर्फासारखं गार होतं. रिकामं फुलपात्र सुनेच्या हातात दिलं.
फाटकापाशी थांबलो आणि 'येतो' म्हणालो. हळूच. कोणी ऐकलं की नाही माहीत नाही.
कोमल मघापासून विचारतेय, काय झालं. सांगितलं, पाणी प्यायलो. मग आता स्थळाचं काय, हे तिने विचारलं ते मला सांगता येईना. फुलपात्र आत फडताळात गेलं की बाहेर नळाखाली, ते मी पाहिलं नाही. आमच्या कामात मागे वळून बघायचं नसतं.