एकाच सीटची गाडी

बोरी, रविवार, दिवेलागण

बाबा गेल्यापासून पडून असलेली त्यांची मोटारसायकल कापून एका सीटची बुटकी बॉबर केली. पोरं फोटो काढायलेत अन् मला रडू यायलंय.

आई रोज विचारायची, "होईल ना रे चालू?" मला वाटलं, कौतुकानं विचारती.

आज ठेवणीतली साडी नेसून आली. सेलूला मावशीकडं जायचं म्हणून, बाबांच्या मागं बसून जायची तशी. सवयीनं डाव्या बाजूला उभी राहिली. "पाय कुठं ठेवू रे?"

पायदान, मागची सीट, सगळं भंगारात घातलं. वेल्डर म्हणतो, कापलेली चेसिस आता दोघांचं वजन धरणार न्हाई. मग मी केलं काय हे? पायदान तरी ठेवायचं होतं.

"एसटीनं जाईन की," म्हणाली. पण साडी अजून बदलली न्हाई. तशीच दारातल्या ओट्यावर बसलीय, अन् मला तिच्यासमोरून घरात जायची हिंमत होईना.