जोरात फिरणाऱ्याला पातळ तेल

आण्णा, आज सकाळी साताऱ्याहून एक गाडी आली. दोन सीटांची, पिवळीधमक, जमिनीला टेकल्यासारखी. आपल्या बोळातल्या उंचवट्यावर तिचं पोट घासू नये म्हणून मी पुढं फळ्या टाकल्या आणि शेजारचा वेल्डिंगवाला हातातलं काम टाकून बघायला आला. गाडी चालवणारी मुलगी तिशीतली, दातांची डॉक्टर. उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, ह्यात कुठलं तेल घालायचं? तिच्या मोबाईलवर दहा लोकांची दहा मतं होती. कुणी म्हणे सिंथेटिकच घाला, कुणी म्हणे आपल्या उन्हाला जाडच तेल पाहिजे, कुणी शर्यतवाल्यांचं आणा म्हणे. मी तिला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि चांगला अर्धा तास बोललो. ती गेल्यावर मात्र कामात जीव लागेना, म्हणून दुपारीच शटर अर्धं ओढून हे लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आष्ट्याच्या त्या लाल गाडीचं मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. ते आता तरी खरं सांगायचं आहे.

त्या मुलीला मी म्हटलं, तेलाच्या डब्याच्या पुढच्या बाजूला बघूच नका. पुढं ज्वाळा असतात, वाघ असतो, धूर काढत पळणारी गाडी असते. ती सगळी विकणाऱ्याची हौस. डबा उलटा करायचा आणि मागच्या बारीक अक्षरात तुमच्या गाडीच्या कंपनीनं पास केलेला नंबर आहे का बघायचा. नसला तर डबा जागेवर ठेवायचा. मग ग्रेड, म्हणजे तेल किती पातळ, किती जाड ते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गार इंजिनचा, म्हणजे सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर तेल किती चटकन वर चढतं त्याचा. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनचा. आकडा लहान तितकं तेल पातळ. साधं पातळ तेल तापलं की पाणी होतं ही आपल्या लोकांची भीती काही अगदीच खोटी नाही, पण चांगलं सिंथेटिक तेल गार असताना पातळ राहूनसुद्धा तापल्यावर टिकतं. तेवढ्यासाठीच तर ते घ्यायचं. तिनं सगळं वहीत लिहून घेतलं. मी बोलत होतो आणि शब्द माझे वाटत नव्हते.

कारण ह्यातलं मुळातलं तुम्ही तीस वर्षं सांगत होता. तुम्ही माधवनगरच्या मिलमध्ये सूत कातणाऱ्या, भिंगरीसारख्या फिरणाऱ्या स्पिंडलांना तेल द्यायचं काम केलंत. मिल बंद पडल्यावर पत्र्याचं शेड टाकून गाड्यांच्या कामाला लागलात, पण डोकं मिलमधलंच राहिलं. कुणी कसलंही इंजिन आणू दे, तुम्ही आधी विचारणार, "ह्ये किती जोरात फिरतंय?" लोक हसायचे. गाडी अॅव्हरेज किती देते असं विचारणारा मेस्त्री त्यांना माहीत होता, हे नवीनच. मग तुम्ही हाताची उलटी बाजू इंजिनला लावून डोळे मिटून उभे राहायचात. स्पिंडल तापलाय का हे मिलमध्ये असंच बघायचे म्हणे. मला लाज वाटायची, खोटं कशाला सांगू. मी सांगलीत डिप्लोमा केलेला, पुण्यातल्या शोरूममध्ये दोन वर्षं काढून आलेला, खिशात पेन लावून फिरायचो. आमचा बाप मेस्त्री की मांत्रिक, असं मी मित्रांत बोललोसुद्धा आहे.

ती लाल गाडी आली ते दसऱ्याच्या आधी. मालक आष्ट्याचा, हळदीचा व्यापारी, बरोबर दोन मित्र. मुंबईहून जुनीच घेतलेली, पण काय गाडी होती, आण्णा. सुट्टीत कोयनेच्या घाटात पळवायची, तेव्हा तेल असं भारी घाला की घाट चढताना दम लागता कामा नये, असं त्याचं म्हणणं. मी आतून ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टीचा डबा आणला. जाड, मधासारखं तेल. आपल्याकडं सगळ्यांचीच अशी समजूत, जाड तेल म्हणजे ताकदीचं तेल. तुम्ही टेंपोखाली होता. तुम्ही बाहेर आलात, चिंधीनं हात पुसत जवळ उभे राहिलात आणि मला विचारलंत की इंजिनच्या तेलाच्या टोपणावर काय लिवलंय. टोपणावर झीरो डब्ल्यू फोर्टी लिहिलं होतं. मी म्हटलं, ते त्यांच्या देशासाठी लिहिलंय, तिकडं बर्फ पडतो, इथं सांगलीच्या उन्हात असलं तेल रस्त्यावर गळंल.

तुम्ही म्हणालात, "बर्फाचं राहू दे रं. तो टर्बोचा पंखा, इंजिनात हवा कोंबणारा, मिनिटाला लाखावर फिरतोय म्हणून तूच सांगितलंस न्हवं? जोरात फिरतंय त्याला पातळ तेल लागतंय. जाड तेल वाटंतच बसून राहतंय, वरपतूर पोचत न्हाई."

मालकानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, पण मला वाटलं आता हे गिऱ्हाईक, म्हातारा बरोबर की पोरगा, असा विचार करतंय. माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "आण्णा, ही सूतगिरणी न्हाई. कळत न्हाई तिथं बोलू नका." ते दोघं मित्र हसले. मालक हसला नाही, हे सांगितलं पाहिजे. तुम्ही बरं म्हणालात. हातातला पाना खिळ्याला अडकवलात, चपला पायात घातल्यात आणि घरी निघून गेलात. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. टेंपोचं काम तसंच राहिलं.

दुपारी मी जेवायला आलो तर आई भाकरी थापतेय आणि तुम्ही भिंतीला टेकून बसलाय. तुमचे हात स्वच्छ आहेत. एवढ्या वर्षांत मी दुपारच्या जेवणाला तुमचे हात तसे बघितले नव्हते, नखांत काळं असायचंच. आई मला म्हणाली, आरं, हे आज लवकर आलं, काय झालं का गॅरेजात? मी ताट पुढं ओढलं. तुम्हीच म्हणालात, पोट बरं न्हाई. मग अर्धी भाकरी खाल्लीत आणि पाणी प्यालात. मी तिथंच तुमचे पाय धरायला हवे होते. निदान संध्याकाळी चला म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, होईल दोन दिवसांत. दोन दिवसांनी तुम्ही आला नाहीत, महिन्यानं आला नाहीत. लोकांना तुम्ही सांगायला लागलात की आता डोळ्याला नीट दिसत न्हाई, पोरगा बघतोय सगळं. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. तुम्ही जाईपर्यंत सुईत दोरा ओवत होता.

आता त्या गाडीचं. दसऱ्यानंतर पंधराएक दिवसांनी मालकाचा कोयनानगरहून फोन आला. मुक्कामाला गेले होते, सकाळी चांगलंच गार पडलेलं. ह्या गड्यानं गाडी चालू केली आणि इंजिन जरासुद्धा न तापवता मित्रांना आवाज ऐकवायला पाय दाबला. एक शिट्टीसारखा आवाज झाला म्हणाला, आणि मागून निळा धूर. मी टेंपो घेऊन निघालो. कराडच्या पुढं रस्ता वळायला लागला तेव्हाच मला कळून चुकलं होतं. तेल वाटेतच बसून राहिलं होतं, आण्णा. तुम्ही म्हणाला होता तस्सं. गाडी ट्रकवर चढवून पुण्याला नेली. तिथल्या मेस्त्रीनं टर्बो उघडला, बेरिंग कोरडं पडून निळं झालेलं. त्यानं टोपण काढून आतलं तेल दोन बोटांत चोळलं आणि मला विचारलं, एवढं जाड तेल भरलं कुणी?

मी म्हणालो, आमचे वडील जुन्या वळणाचे आहेत, ऐकत नाहीत.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. मालक तिथं पुण्यात नव्हता. गॅरेजातलं आपलं बोलणं त्यानं सगळं ऐकलेलं होतं, पण त्यालाही मी जुन्या गाडीत बेरिंग आधीच गेलेलं असणार असं सांगितलं आणि त्यानं ते मानलं. तो चांगला माणूस होता. परत कधी आला नाही.

मग दोन महिन्यांत तुमचा खोकला वाढला. मिलमधला कापूस छातीत बसलाय हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी तुम्हीच आम्हाला सांगत होता. मिरजेच्या दवाखान्यात तुम्ही खाटेवर बसून असायचात, आडवं झालं की दम लागायचा. एका दुपारी आई डबा धुवायला गेली होती. तुम्ही खिडकीकडं बघत होता आणि एकदम विचारलंत, "ती लाल गाडी कशी हाय रं?"

त्या दिवसानंतर गॅरेजचा एक शब्द तुम्ही काढला नव्हता, आणि नेमकं तेच विचारलंत. मी म्हणालो, "मस्त पळतीय, आण्णा."

तुम्ही मान हलवलीत. बराच वेळ श्वास घेत राहिलात. मग म्हणालात, "बरं झालं. म्या उगंच मधी बोललो. आता नवीन गाड्यांचं मला कळत न्हाई." आणि माझ्या हातावर हात ठेवलात. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललो, असं मी स्वतःला लय दिवस सांगितलं. काय वाईट वाटणार होतं तुम्हाला? तुम्ही बरोबर होता. तुम्हाला ते कळलं असतं तर त्या खाटेवरसुद्धा तुम्ही हसला असता, मला चार शिव्या घातल्या असत्या आणि बरं वाटलं असतं तुम्हाला. तेवढं सुख माझ्या हातात होतं आणि मी ते दिलं नाही. मरणाऱ्या बापापुढंसुद्धा मला माझं चुकलं असं म्हणवलं नाही. एवढंच आहे ते. तुमच्या सुतकाच्या दिवसांत आई बोलून गेली की तुम्ही रोज संध्याकाळी तिला विचारायचात, त्यानं गॅरेजच्या कामाला माझी काही आठवण काढली का. ती मला हे रागानं म्हणाली नाही, रडत रडत असंच म्हणाली. मी उठून न्हाणीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

त्यानंतर मी ह्या असल्या गाड्यांचंच काम जास्त धरलं. पुस्तकं मागवली, रात्रंदिवस वाचली, पण वाचलेलं सगळं शेवटी तुमच्या त्या एका वाक्यापाशीच येऊन थांबायचं. आता कोल्हापूर, सातारा, कुठून कुठून लोक येतात. तेलाचं त्याला विचारा, त्यालाच कळतं, असं म्हणतात माझ्याबद्दल. आईला हे ऐकून बरं वाटतं.

हे पत्र मी पाठवणार कुठं, आणि कुणाला वाचून तरी काय दाखवणार? पण खरं लिहायला बसलो आहे तर आज सकाळचं एक राहिलंय ते लिहितो. ती साताऱ्याची मुलगी निघताना वही बंद करून म्हणाली, इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? वेल्डिंगवाला तिथंच उभा होता. तो तुम्हाला ओळखायचा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी बोलेन म्हणून थांबला. मी म्हणालो, कुणी नाही, माझं मीच शिकलो. ती वा म्हणाली. आण्णा, तिनं वा म्हटलेलं मला आवडलं.