तिसरीच्या आधीचं तेलुगू

२३ एप्रिल १९८७, गुरुवार
सुजी दुसरी पास. निकाल घेऊन पळत आली, मागून गुरुजी स्वतः. दारातूनच सांगितलं, बदली झाली. जूनपासून तेलुगू मास्तर येणार. गाव मराठी असलं तरी राज्य आंध्र, मराठीची जागा भरणार नाहीत. तिसरीपासून सगळं तेलुगूत.
"मग पोरं काय करतील?"
"शिकतील हळूहळू."
हळूहळू! चहासुद्धा विचारला नाही मी. विचारायला हवा होता, त्यांचा काय दोष. पण डोकं ठिकाणावर नव्हतं.

२४ एप्रिल
मीही शिकले होते हळूहळू. चौथीपर्यंत माहेरच्या गावी, मराठीत. मग बाबांनी शिकवायच्या हौसेनं तालुक्याच्या वसतिगृहात टाकलं. तिथं सगळं तेलुगू. पहिलं वर्ष नुसती तोंडं बघत बसले. बाहेर जाऊ का, एवढं विचारता येत नव्हतं, म्हणून एकदा वर्गातच
नाही लिहीत.
मोद्दू म्हणायचे. ठोकळा. दहावी झाले तरी तो शब्द कानातून गेला नाही. सुजीला कोणी तसं म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. सात वर्षांची पोर आहे.
शाळा उघडायच्या आत तिला अक्षरं आली पाहिजेत. आणि एकट्या तिलाच का? तिच्या वर्गातल्या सगळ्यांनाच.

२६ एप्रिल, रवि.
हे उटनूरहून काल आले होते, आज परत हापिसाच्या गावी. जाताना म्हणाले, "सुजीले शिकव. गावाच्या पोराईत कायले पडते?"
म्हटलं, गावाच्या पोराईतच तर बसणार आहे ती.
शेवटी पुढच्या शनिवारी पाट्या आणतो म्हणाले.

२९ एप्रिल
विहारात वर्ग सुरू केला. आमच्या वस्तीतली पोरं आली. कुणब्यांच्या आळीतलं एकही नाही. यमुनेच्या घरी गेले. ती सुजीची जीव की प्राण मैत्रीण, दिवसभर आमच्याच ओसरीवर असते. तिची आई गिरजा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मले काई नाही वच्छलाबाई. पण सासू म्हंते, विहारात नाही पाठवाची."
सासू आत होती. ऐकत होती. मीही मोठ्यानंच म्हटलं, मग झाडाखाली बसवते. झाड तर कोणाचं नाही ना?
रस्ताभर अंग जळत होतं. आमच्या भिंतीत बसलं की अक्षर बाटतं का?

३० एप्रिल
शाळेची किल्ली गावचे प्रमुख वामन पटेल यांच्याकडे. मागायला गेले. "सुट्टीत शाळा उघडाचा हुकूम नाही," म्हणाले. सुट्टीत त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचं वऱ्हाड शाळेतच उतरलं होतं. तेव्हा कोणाचा हुकूम होता?
शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसलो. यमुना आली. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत.

४ मे
आज हसून हसून पोट दुखलं. "ना पेरू सुजाता." माझं नाव सुजाता. पेरू म्हणजे नाव, हे कळल्यावर पोरं लोळायला लागली. "ना पेरू यमुना, ना जांब यमुना!" पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. वर्गातला दिगंबर तर झाडावर चढून ओरडत होता. ओरडू दे. शब्द बसला.
अ आ आली सगळ्यांना. गोल गोल अक्षरं. यमुना म्हणते जिलेबी.

११ मे
वर्गात फक्त सुजी. बाकीची तेंदूपत्त्याला. आया पहाटेच जंगलात जातात, पोरांनाही नेतात.
गिरजा संध्याकाळी आली तेव्हा भांडले तिच्याशी. म्हटलं, दोन अक्षरं आली होती, तीही जातील.
ती उसळलीच. "तुमचा नवरा हापिसात हाय. मी एकटी किती पानं तोडू? पोरगी पुडे बांधते तवा माहा हात मोकळा होते."
राग तिचा नव्हताच, पण निघाला तिच्यावर.

१३ मे
मीच गेले, जिथं बाया पानं आणून पुडे बांधतात तिथं, सुजीला घेऊन. पोरं पानं मोजतातच, तर तेलुगूत मोजा म्हटलं. ओकटी, रेंडू, मूडू. थोड्या वेळानं बायाही मोजायला लागल्या. गिरजा माझ्याकडे न बघता मोजत होती, पण मोजत होती.

२० मे
सगळे रोज येत नाहीत, तरी बरं चाललंय. दिगंबर दुकानावरची पाटी वाचून आला. अर्धी चूक, पण वाचली. बसच्या पाट्याही वाचतो म्हणे आता.

२३ मे, शनि.
वामन पटेल झाडाखाली. काठी टेकून उभे.
"मास्तरीणबाई, पोराईले तेलुगू काऊन शिकवून राह्यल्या?"
"शाळा तेलुगू होणार आहे म्हणून."
"मी वरती अर्ज देला. मराठी मास्तर पाह्यजेच म्हणून. साहेब तपासाले येतीन. अन् पोरं फडफड तेलुगू बोलले त काय म्हंतीन? मंग मराठी मास्तर कायले पाह्यजे?"
"आणि मास्तर नाहीच आला तर?"
"तवाचं तवा पाहू."
म्हटलं, पटेल, तुमचा नातू आदिलाबादला कोणत्या शाळेत जातो? तेलुगूच ना?
पोरांसमोर बोलले. त्यांचा चेहरा उतरला. काठी आपटत गेले. बरं झालं!
पण घरी आल्यापासून तेच डोक्यात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मराठी मास्तर मलाही हवाच आहे. सुजीनं माझ्या आईचं पत्र वाचायला नको का? म्हणूनच जास्त संताप येतोय. खरं बोलायला नेमका हाच माणूस मिळावा!

३० मे
दिगंबरच्या बापानं त्याला घरी बसवलं. पटेलांच्या शेतात कामाला आहेत ते. न विचारताही कळतं.
झाडाखाली यमुना, सुजी आणि आमच्या वस्तीतले तिघे. दिगंबर कुंपणापलीकडून बघत होता. मी मोठ्यानं शिकवलं.

१२ जून, शुक्र.
शाळा उघडली. नवे मास्तर तरुण, वारंगलकडचे. मराठीचा एक शब्द नाही. तेही घाबरलेले दिसले. यमुनेनं उभी राहून नाव सांगितलं, गाव सांगितलं. मास्तर एवढे हसले की यमुना खाली बसेचना. दिगंबरलाही सगळं आलं. मोठ्या वर्गातली पोरं मात्र भिंतीकडे बघत बसली.
सुजीनं बाहेर जायची परवानगी मागितली तेलुगूत. गरज नव्हती, नुसतंच मागून बघितलं, म्हणते. पदर डोळ्याला लावून रडले मी.

१७ जून
शाळेत गावाची बैठक. साहेब शनिवारी येणार. पटेल म्हणाले, पोरांना सांगून ठेवा, विचारलं तर कोणी तोंड उघडायचं नाही. काहीच कळत नाही असं बसायचं.
सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या वस्तीतल्यांनीसुद्धा.
मी उठले. "दीड महिना शिकवलं ते मुकं बसवायला? पोरगी येतं म्हणून खूश आहे अन् मी तिला सांगू, तू मोद्दू हो?"
"एक दिवसाचं काम हाय, बाई."
"तुमच्यासाठी."
कोणीतरी मागून म्हणालं, हिच्यापायीच मराठी जाणार गावातली. कोण ते पाहायला वळले तर सगळे जमिनीकडे बघत होते.
माझ्यापायी! जागा बंद केली वरच्या हापिसानं, किल्ली ठेवली पटेलांनी, आणि मराठी जाणार माझ्यापायी.

१९ जून
हे आज एक दिवस आधीच आले. निरोप पोचला असणार. "एक दिवस गप राह्यली त काय बिघडते?"
"तुम्हाला कोणी मोद्दू म्हटलं नाही म्हणून विचारता."
जेवले नाहीत. मीही नाही. सुजी दोघांकडे बघत होती. मग स्वतःच म्हणाली, "आई, उद्या साहेब येणार आहेत ना? मी अनगनगा म्हणून गोष्ट सांगू?"
अनगनगा, म्हणजे एके काळी. ती गोष्ट मीच शिकवली. कोल्ह्याची.
वाढलेली ताटं उचलून आत नेली.

२० जून, शनि.
वेणी घालताना तोंडाशी आलं होतं. गप्प बस म्हणावं का सांग म्हणावं, दोन्ही आलं होतं. काहीच बोलले नाही. ती यमुनेचा हात धरून गेली.
जीप आत्ताच शाळेकडे वळली. पटेल पुढे बसलेले.
गिरजा आली आहे. कामाला गेली नाही आज. ओसरीवर टेकली. विचारलं, यमुनेला काय सांगितलंस?
"सासूनं सांगतलं, बोलू नको. मी काईच नाही सांगतलं. तुमी?"
"मीही नाही."
"बोलतीन का व पोरी?"
मला काय माहीत. मघाशी शाळेतून पाढ्यांचा आवाज येत होता, तो थांबलाय.