चुगली कुणी केली

४ मार्च

मेमो. मला. नऊ वर्षांत पहिल्यांदा!

"दि. ३ रोजी दुपारी ४.१० ते ४.५२ या वेळेत आपण विभागात नव्हतात. लेखी खुलासा करावा." खाली शिट्टीची सही. आमचा सुपरवायझर. 'स' म्हणताना त्याच्या दातांतून शिट्टी वाजते, आणि त्याच्या तोंडी सतत 'शिस्त' असते.

नव्हतेच मी विभागात. हॉस्पिटलच्या तळघरातल्या जुन्या लाँड्रीत होते. आम्ही सहा जण होतो. निर्जंतुक करायच्या भट्टीत औजारांचे ट्रे चढवले की चाळीस मिनिटं कुणाच्या हाताला काम नसतं, तेवढ्यात जाऊन आलो. धुण्याच्या खोलीतला एक्झॉस्ट पंखा सहा महिने बंद आहे. ऑपरेशनची औजारं ज्या जंतुनाशकात बुडवतो, त्याची वाफ जाणार कुठे? आमच्या छातीत. तोंडी सांगून सांगून जिभा झिजल्या, म्हणून लेखी तक्रार करायचं ठरवलं. मी लॅपटॉपवर मसुदा टाइप करत होते. दार आतून लावलेलं होतं. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

मग शिट्टीला कळलं कसं?

५ मार्च

भट्टीवाल्याला मेमो. पॅकिंगच्या दोघींना मेमो. ट्रॉलीवाल्याला मेमो. मला धरून पाच.

सहावी मावशी. तिला नाही.

७ मार्च

नुसता योगायोग असेल, असं मी कालपर्यंत स्वतःला सांगत होते. आज भट्टीवाला जेवताना म्हणाला, "मावशीला कशाला देतील मेमो? सांगणाऱ्याला कुणी देतं का?"

सगळ्यांचे घास थांबले.

मावशी एकोणीस वर्षं धुण्याच्या खोलीत सिंकपाशी उभी आहे. तिच्याइतका खोकला आमच्यात कुणाला नाही. ती का सांगेल? पण मग कोण सांगेल?

११ मार्च

काल पुन्हा बसलो. मुद्दाम मावशीलाही बोलावलं. आज मेमो — त्याच पाच जणांना! ३.४८ ते ४.२१. मिनिटासकट.

तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं एका डब्यातलं खाल्लं हिच्याबरोबर.

१२ मार्च

बोलले. सगळ्यांसमोर बोलले. मावशी सिंकवरून हात पुसत आमच्याकडे येत होती. मी म्हटलं, "तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे साहेबांसमोरच बोलायचं. कशाला उगीच?"

ती थांबली. काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. उबळ गेल्यावर ती परत सिंकपाशी जाऊन कात्र्या घासायला लागली.

नाटकी बाई. बरं झालं बोलले.

१३ मार्च

आज मावशी एकटी जेवली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

१९ मार्च

मावशीने बदली मागून घेतली. पलीकडच्या इमारतीत, चादरींच्या स्टोअरमध्ये. शिट्टीने लगेच मंजूर केली म्हणे. करणारच, बक्षीस आहे ते.

सिंकवर नवीन मुलगी आली. पहिल्याच दिवशी डोळे लाल.

२३ मार्च, रविवार

आज जे कळलं ते नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

भाऊजी आले होते. धाकटा दीर, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. माझ्या लॅपटॉपची बिजागरी सैल झाली होती, ती बसवत होते. मी दोन्ही मेमो त्यांच्यासमोर टाकले आणि मावशीच्या नावाने खडे फोडायला लागले.

त्यांनी मेमो वाचले. मग म्हणाले, "वहिनी, ४.१० ते ४.५२? माणूस चुगली करताना 'चारच्या सुमाराला' म्हणतो. ही मिनिटं माणसाने मोजलेली नाहीत."

"मग कुणी?"

"लाँड्रीत छताला पांढरी डबी आहे? हिरवा दिवा असलेली?"

आहे. वायफायची. हॉस्पिटलभर आहेत तशा.

भाऊजींनी लॅपटॉपवर एक पान उघडून दाखवलं. बारा अक्षरं-आकडे, दोन-दोनच्या जोड्यांत. "हा या यंत्राचा पत्ता. कारखान्यातच ठरतो. वायफाय चालू असलं की जवळच्या डबीला हा नंबर कळतो. तुम्ही स्टाफचं वायफाय कधी जोडलंत?"

जानेवारीत. स्टाफ नंबर टाकून.

"झालं तर. तेव्हाच या पत्त्यापुढे तुमचं नाव लागलं. आता लॅपटॉप कुठेही उघडा, व्हिजिटरच्या वायफायवरसुद्धा, डबीला नंबर दिसतो आणि यादीत तुमचं नाव. कुठल्या डबीपाशी किती वाजता आलात आणि किती वाजता गेलात, सगळं."

मी म्हटलं, "बाकीच्यांनी तर लॅपटॉप आणले नव्हते."

"फोन होते ना खिशात?"

फोन! हल्लीचे फोन खरा पत्ता लपवून खोटा देतात म्हणे. पण आमच्या कॉम्प्युटर विभागाने जोडणी करताना जो छापील कागद दिला होता, त्यात तिसरीच सूचना — 'बदलता पत्ता बंद करावा, अन्यथा नेटवर्क मिळणार नाही.' आम्ही शहाण्यासारखा बंद केला. माझ्या हाताने मी दोघींचा बंद करून दिला!

मग भाऊजींनी विचारलं, "त्या मावशींचा फोन कुठला?"

बटणांचा. वायफाय नसलेला. नुसता बोलायचा.

भाऊजी बिजागरीचा स्क्रू पिळत राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही, बरं केलं.

चुगली माझ्या पर्समधून होत होती. आणि मी त्या बाईला...

२४ मार्च

लॅपटॉपवर बदलता पत्ता चालू केला. एक बटण. एवढंच! सेटिंगमध्ये जाऊन एक बटण डावीकडून उजवीकडे सरकवायचं. यासाठी मी एका माणसाला वाळीत टाकलं.

भाऊजींनी बजावलंय, "नव्या पत्त्याने स्टाफच्या वायफायवर नाव घातलंत तर तोही पत्ता तुमचाच होईल. आणि लाँड्रीत वायफाय सरळ बंद ठेवा."

दुपारी एकेकाला भट्टीमागे नेऊन फोन दुरुस्त करून दिले. पॅकिंगच्या धाकटीने विचारलं, "म्हणजे बाथरूमला किती वेळ लागतो, हेही त्यांना माहीत?" मी हो म्हटलं. तिने ट्रेमधला चिमटा उचलला आणि परत आपटला. तो सगळा ट्रे पुन्हा धुवावा लागला. कुणी तिला बोललं नाही.

भट्टीवाला शेवटी म्हणाला, "मग मावशी?"

मी म्हटलं, "तूच म्हणाला होतास."

तो म्हणाला, "बोललीस तू."

खरं आहे. दोन्ही खरं आहे.

२६ मार्च

लाँड्रीत बसलो. पाऊण तास. मसुदा पूर्ण झाला. सह्यांपाशी गाडी अडली. ट्रॉलीवाला म्हणतो, "नावं नकोत. 'समस्त कर्मचारी' लिहू." सगळ्यांना पटलं. मलाही.

२८ मार्च

मेमो नाही. कुणालाच नाही. शिट्टी दिवसभर तोंड पाडून फिरत होता. याचा आनंद व्हायला हवा होता. उलट संताप येतोय. मेमो आला असता तर निदान भाऊजींचं चुकलं असं तरी म्हणता आलं असतं. आता तेही नाही.

३१ मार्च

चादरींच्या स्टोअरला गेले. मावशी चादरींच्या घड्या घालत होती. एक टोक मी धरलं. तिने धरू दिलं.

"मावशी, चुकलं माझं." मग यंत्राचा पत्ता, डबी, फोन, सगळं सांगायला लागले.

"ते यंत्राचं मला नको समजावूस," ती म्हणाली. चादर माझ्या हातून ओढून घेतली, दुमडली, फळीवर ठेवली. "नऊ वर्षं तुझ्या शेजारी उभी होते. 'मावशी, तुम्ही सांगितलंत का?' एवढं विचारलं असतंस तर 'नाही' म्हटलं असतं. संपलं असतं."

"तुमचा राग—"

"रागाचं काय घेऊन बसलीस? जा, तुझे ट्रे खोळंबले असतील."

तिने शिव्या घातल्या असत्या तर सोपं होतं. येताना जिन्यावर बसून रडले. स्वतःवरच्या रागाने रडणं वेगळंच असतं, नाक-डोळे सगळं जळतं. मग डोळे पुसले आणि शिट्टीच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "मावशींची बदली रद्द करा." तो म्हणाला, "स्वतः अर्ज दिलाय त्यांनी. सहीनिशी."

१ एप्रिल

'समस्त कर्मचारी' अजून माझ्या लॅपटॉपमध्येच पडून आहे. पाठवायला कुणी तयार नाही. मीही नाही. थू आमच्यावर.

३ एप्रिल

आज सरकारी तपासणी अधिकारी आल्या. थेट सिंकपाशी गेल्या, एक्झॉस्टखाली कागद धरला, तो हलला नाही. त्यांनी धुण्याची खोली जागच्या जागी बंद करवली. शिट्टी घामाने निथळत होता. मी विचारलं, "मॅडम, तक्रार कुणाची?" त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. वहीच्या पानावर निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात, तारीख १५ मार्च. एकच सही. पूर्ण नाव, स्टाफ नंबर, घरचा पत्ता. नाव ओळखीचं वाटेना, म्हणून खालची ओळ वाचली — 'औजारं धुण्याचं काम, एकोणीस वर्षं.'