आत्या, शनीसाठीची ढाल टिकली

प्रिय आत्या,

काल चाचणीचा निकाल आला. आपल्या ढालीचा तुकडा टिकला! चांगलं काही झालं की आधी तुम्हाला सांगायची सवय. फोन हातात घेतला, तुमचा नंबर काढला, आणि मग आठवलं. म्हणून लिहायला बसले.

सासूबाई असं तुम्हाला मी कधी म्हटलंच नाही. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हाच तुम्ही बजावलंत, "आत्या म्हण. सासू म्हटलं की माझं मलाच भ्या वाटतंय." आणि काय मोठ्यानं हसलात! तेव्हापासून तुम्ही आत्या आणि सासरे मामा.

कॉलेजात शिकवता शिकवता मी कसलं संशोधन करते, हे घरात फक्त तुम्ही खोदून खोदून विचारलंत. मी सांगितलं, शनीच्या वातावरणात लहानसं यान सोडायचं तर ते इतक्या वेगानं शिरतं, की समोरचा वायू भट्टीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. आतली यंत्रं वाचवायला पुढं ढाल लागते. ती मी करतेय.

तुमचा कणीक मळता हात थांबला. "शनीकडं? लोकं साडेसाती टळावी म्हणून तेल वाहत्यात, आणि तू त्याच्याच दारात यान धाडतीस व्हय?"

मग एक दिवस तुम्ही प्रयोगशाळेत आलात. कार्बनच्या धाग्यांचं जाड विणलेलं, राळ मुरवलेलं कापड मी चिमट्यात अडकवलं आणि पुढून ज्योत सोडली. वरचा थर लाल झाला, धुरावला, कोळशासारखा काळा पडला.

"अगं, जळतंय की!"

"जळायलाच हवं, आत्या. वरचा थर जळता जळता उष्णता घेऊन जातो. आतपर्यंत पोचू देत नाही."

"मागं हात ठेवू?"

माझे विद्यार्थी दचकले. मी हो म्हटलं आणि तुम्ही सरळ तळहात टेकवलात! माझ्यावर इतका विश्वास माझा स्वतःचाही नव्हता हो. "गार हाय," म्हणालात, आणि पोरांकडं असं पाहिलंत, जणू ढाल तुम्हीच विणली होती.

पहिल्या खऱ्या चाचणीत मात्र नमुन्याचे थर सुटले. ज्योतीपुढं टिकलेला तुकडा चाचणीयंत्रातल्या प्रचंड तापलेल्या वायूच्या झोतात पानासारखा उलगडला. घरी येऊन मी म्हटलं, आता बास. तुम्ही समजूत काढली नाहीत, ओरडलात. "फुटलं तर दुसरं कर की! रडायला काय झालंय तुला?" शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, एवढा आवाज!

मी पुन्हा विणायला घेतलं, थरांना आरपार बांधणारे धागे घातले. त्याच दिवसांत तुमच्या छातीत दुखायला लागलं होतं ना? विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पित्त झालंय." मी काम सोडून दवाखान्यात बसेन, म्हणूनच लपवलंत, हे मामांनी नंतर सांगितलं. आत्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या तुम्ही, हे एकच का लपवलंत? मी बसले असते. आनंदानं बसले असते. चाचणी काय, पुढं गेली असती.

तुम्ही गेल्यापासून मामा कुणाशी फारसं बोलत नाहीत. चहा दिला की घेतात, पेपर उघडतात, पान उलटत नाहीत.

काल निकाल वाचून मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी होते. बाहेरून त्यांचा आवाज आला, "काय झालं गं त्या ढालीचं?"

मी बाहेर आले. ते खाली बघत म्हणाले, "ती असती तर पयलं तिनंच इचारलं असतं. म्हणून इचारतो."

"जमलं, मामा. वरचा थर जळाला, मागची बाजू तापली नाही. थर सुटले नाहीत."

"जमलं?" त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिले. मग शेजारची खुर्ची ओढली. "बस. शनी म्हंजे नेमका कुठं हाय, ते सांग बघू."

आत्या, हे यान कधी निघेल, निघेल की नाही, मला माहीत नाही. पण तुम्हाला शब्द देते, मामांना मी सगळं सांगेन, अगदी पहिल्यापासून. तुम्हाला सांगताना मी नेहमी घाईत असायचे. त्यांना सावकाश सांगेन.

तुमचीच,
वैशाली